गुडघ्याच्या वर चार बोटं

सोलापुरात गुडघ्याचं दुखणं घेऊन आलेल्या बायका निदान सोबत घेऊनच येतात. वंगण संपलंय. गादी झिजलीय. गॅप आलाय. (एक्स-रेत दिसतं ते नेमकं उलट, दोन हाडांमधली फट कमी झालेली असते, पण गॅप इतका रुजलाय की डॉक्टरही आता तसंच बोलतात.) तिन्ही निदानांचा शेवट एकाच ठिकाणी होतो. जे झिजलं ते परत येत नाही, तेव्हा जपून राहा, आणि अगदीच चालवेना झालं की वाट्या बदलून घ्या. माझं म्हणणं असं, की या दुखण्यात जे खरोखर परत मिळवता येतं ते गुडघ्याच्या आत नाहीच. ते गुडघ्याच्या वर चार बोटांवर सुरू होतं आणि जांघेपर्यंत जातं. मांडीच्या पुढच्या बाजूचा तो चार स्नायूंचा जुडगा रुग्ण बघत नाही, घरचे बघत नाहीत, आणि बहुतेक केसपेपरवर त्याची साधी नोंदही नसते. याला वैद्यकातली हयगय म्हणून सोडून देता येत नाही. कोणाच्या शरीरात ताकद भरायची आणि कोणाच्या शरीरातून फक्त काम काढून घ्यायचं, याचं जुनं गणित त्यात आहे.

हे गणित कुंभारीत जितकं उघडं दिसतं तितकं क्वचित दुसरीकडे दिसेल. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, अक्कलकोट रस्त्यावरचं हे गाव. 1 सप्टेंबर 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते इथे विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांचा ताबा देण्याचा सोहळा झाला. वसाहतीला नाव दिलं कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचं. मागे होती नरसय्या आडम, म्हणजे आडम मास्तरांची, लाल बावट्याची युनियन आणि वर्षानुवर्षांची आंदोलनं. पुढे याच गावच्या हद्दीत रे नगर उभं राहिलं. तीस हजार घरांच्या त्या प्रकल्पातली पंधरा हजार घरं 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी असंघटित कामगारांच्या हवाली केली. आणि याच कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. म्हणजे दुखणारे गुडघे आणि गुडघ्यांचे डॉक्टर एकाच ग्रामपंचायतीत.

2006 साली जी बाई चाळिशीत नव्या घरात राहायला आली, ती आज साठीत आहे. वसाहतीचं आणि तिच्या गुडघ्यांचं वय बरोबरीने वाढलंय.

तिचं काम कसं चालतं ते नीट बघायला हवं, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. तेंदूची पानं भिजवून ठेवायची, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, सूप मांडीवर घ्यायचं, पानात तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मिटायचं. हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी. हजार भरायला सकाळी लवकर बसलेली बाई मध्ये स्वयंपाक, धुणं, पोरांचं आवरून संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन बसते. बोटं क्षणभर थांबत नाहीत. मान वाकलेली, पाठ वाकलेली, आणि गुडघे पूर्ण दुमडलेले. या बैठकीत सांधा दुमडून पडतो आणि त्याला सरळ करणारा स्नायू रिकामा बसतो. वर्षानुवर्षं. बीजिंगमधल्या वृद्धांचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला होता. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांत पुढे गुडघ्याचा संधिवात जास्त आढळतो, असं त्यात दिसलं. उकिडवं बसणं आणि मांडी घालून बसणं एक नव्हे, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा विडीवर लावू नये. पण बसण्याची तऱ्हा हाही कामाचा धोका असू शकतो, आणि धोका केवळ यंत्राच्या पट्ट्यात किंवा भट्टीच्या आगीत नसतो, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

आता मांडीकडे. आपण उभे राहतो, जिना उतरतो, एसटीच्या पायरीवर पाय ठेवतो तेव्हा अंगाचा भार गुडघ्यावर आदळू न देता हळूहळू सोडण्याचं काम हा जुडगा करतो. तो कमजोर असला की भार नि धक्का सांध्याला एकट्याने सोसावा लागतो. इथे शरीराची एक विचित्र खोड आड येते. गुडघ्यात थोडं पाणी झालं किंवा तो दुखू लागला की मज्जारज्जूतून मांडीच्या स्नायूला जाणारी आज्ञाच मंद होते. 1984 साली निरोगी माणसांच्या गुडघ्यात साधं सलाईन टोचून हे दाखवून दिलं गेलं. वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे चारपाच चमचे पाणी, मांडीच्या आतल्या अंगाचा स्नायू मंदावायला पुरलं. त्या माणसांना ना संधिवात होता, ना झीज. त्यामुळे दुखऱ्या गुडघ्याची बाई मांडी वापरत नाही ती आळसाने नाही. तिला ती वापरताच येत नसते. न वापरल्याने मांडी आटते, आटल्याने गुडघ्यावर भार वाढतो, भाराने पुन्हा सूज. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात वृद्धांच्या पाहणीतून 1997 साली आणखी एक गोष्ट पुढे आली. एक्स-रेत संधिवात दिसणाऱ्या पण गुडघा न दुखणाऱ्या लोकांतही मांडी कमजोर होती. तेव्हा कमजोरी हा दुखण्याचा परिणाम असतोच, पण काही वेळा ती आधीची असावी, कारणाच्या बाजूची असावी, ही शंका तेव्हापासून गंभीरपणे घेतली जाते.

अशा बाईला दवाखान्यात काय मिळतं? गोळी, मलम, पट्टा, कधी गुडघ्यात इंजेक्शन. आणि एक मनाईची यादी: खाली बसू नका, मांडी घालू नका, जिने चढू नका, जास्त चालू नका, कमोड वापरा. यातला प्रत्येक सल्ला सुटा घेतला तर चूक नाही. दुखणं भडकलेलं असताना काही दिवस तो योग्यच आहे. पण एकत्र केले तर उरतं काय? ज्या हालचालींत मांडी थोडीफार काम करत होती त्या सगळ्या बंद. त्यांच्या जागी काय करायचं, किती करायचं, किती दिवसांनी वाढवायचं, हे त्याच कागदावर लिहिलेलं क्वचित आढळतं. "थोडा व्यायाम करा" असं तोंडी सांगितलं जातं. गोळी देताना कोणी "थोडी गोळी घ्या" म्हणत नाही.

व्यायाम हा शब्द निघाला की वसाहतीतलं उत्तर ठरलेलं. "आम्ही दिवसभर राबतोय, आम्हाला कसला व्यायाम? तो बसून खाणाऱ्यांना." हे उत्तर मी हसण्यावारी नेणार नाही. त्यात स्वाभिमान आहे आणि अनुभवही आहे. संध्याकाळी हजार विड्या देऊन आलेल्या बाईला आणखी हातपाय हलवायला सांगणारा शहरी माणूस तिला चीड आणणारच. तरीही ते उत्तर अर्धंच खरं आहे. राबणं आणि ताकद कमावणं या शरीराच्या दृष्टीने दोन वेगळ्या घटना आहेत. स्नायूला त्याच्या रोजच्या सवयीपेक्षा थोडा जास्त भार मिळाला, मग विसावा मिळाला, मग अन्न मिळालं, तर तो वाढतो. राबण्यात भार रोज तोच असतो, विसावा नसतो, आणि अन्नात पोळी-भाकरी आधी पोरांना. विडीच्या कामात तर मांडीला भारही नाही.

ही गोष्ट सोलापूरला नवी नाही. फक्त ती पुरुषांपुरती ठाऊक आहे. मालधक्क्यावर दिवसभर पोती उचलणारा हमालसुद्धा तालमीत गेला की जोर-बैठका काढायचा. "मी पोती उचलतो, मला बैठका कशाला" असं त्याचा वस्ताद त्याला म्हणू देत नसे. मकर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ते पेलणारे मानकरी यात्रेआधी कितीतरी दिवस सराव करतात. पुरुषाच्या मांडीला स्वतंत्र वेळ, स्वतंत्र जागा, वर दूध-बदामाचा खुराक देणारी संस्कृती आपल्याकडे होती आणि आहे. बैठका हा मांडीचाच व्यायाम. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी शाळांमध्ये सूर्यनमस्काराचा आग्रह धरणारे राजे म्हणून ओळखले गेले. पण आपल्या बहुसंख्य कष्टकरी स्त्रियांच्या आयुष्यात तालीम नावाची खोली कधी आलीच नाही. तिच्या अंगाकडे कामाचं अंग म्हणून पाहिलं गेलं, आणि ते काम करता येईनासं झालं तेव्हा तिला देवाकडे किंवा दवाखान्यात पाठवलं गेलं.

पुरावा किती भक्कम आहे, हे आता सांगायलाच हवं. नाहीतर मीही गुडघेदुखीचं तेल विकणाऱ्यांच्या रांगेत बसेन. अमेरिकेत साठीच्या वरच्या 439 गुडघेदुखीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 1997 साली आले. काहींना चालण्याचा व्यायाम दिला, काहींना वजनाचा, काहींना नुसती माहिती. दीड वर्षाने दोन्ही व्यायामगट माहितीगटापेक्षा बरे होते, पण फरक माफक होता. 2015 साली अशा 54 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. शंभर गुणांच्या मोजपट्टीवर वेदना साधारण बारा गुणांनी उतरते, असं त्यात दिसलं. त्याच आढाव्याच्या 2024 मधल्या आवृत्तीत चाचण्या शंभरावर गेल्या आणि भाषा अधिक सावध झाली: फायदा आहे, पण तो रुग्णाला जाणवण्याइतका मोठा असेलच असं नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती 2021 साली प्रसिद्ध झालेली 377 जणांवरची चाचणी. भारी वजनांनी मांडी कमावणारे, हलक्या वजनांनी कमावणारे आणि नुसते आरोग्याच्या व्याख्यानांना बसणारे, असे तीन गट. दीड वर्षाने वेदनेत भारी वजनाचा गट व्याख्यानवाल्यांपेक्षा पुढे नव्हता.

या चाचणीचा दाखला देऊन काही लोक म्हणतात, बघा, मांडीचं खूळ संपलं. मला त्यातून दोन वेगळ्याच गोष्टी दिसतात. पहिली, भारी वजनांची गरज नाही. जिम नको, यंत्रं नकोत, महिन्याची फी नको. हलक्या भारावर फार काही गमावलं जात नसेल तर कुंभारीसाठी ही चांगली बातमी आहे. दुसरी गोष्ट कडू आहे: व्यायाम वेदना पुसून टाकत नाही. ज्याने तसं वचन दिलं त्याने फसवलं. पण त्या बाईला वेदना हा एकच आकडा जगायचा नसतो. तिला मोरीतून हात न टेकता उठायचं असतं. रे नगरातल्या मजली इमारतीत वरचं घर मिळालं असेल तर जिना चढायचा असतो. आधाराशिवाय उठता येणं ही ताकदीची गोष्ट आहे, आणि ताकद या वयातही येते. 1990 साली बोस्टनमधल्या वृद्धाश्रमात नव्वदीतल्या मूठभर माणसांना आठ आठवडे मांडीचा व्यायाम दिला गेला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होतं, तर साठी म्हणजे उशीर नव्हे.

आणखी एक अट टाळता येणार नाही. ज्यांचे गुडघे बाहेरच्या बाजूला वाकून पायांना धनुष्याचा आकार आलाय, किंवा ज्यांचा सांधा लचके खातो, अशांमध्ये नुसती मांडी बळकट असणं फायद्याचं ठरलं नाही, उलट सांधा लवकर बिघडलेला दिसला, असा एक अभ्यास 2003 साली आला होता. म्हणून सरसकट सगळ्यांना एकच बैठक सांगणारा मोबाईलवरचा व्हिडिओ पुरत नाही. कोणीतरी जाणत्याने उभं करून पाय बघायला हवेत.

करायचं काय, ते फार अवघड नाही. पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची (सोलापुरात टॉवेल शोधावा लागत नाही), गुडघ्याने ती खाली दाबायची, मांडी ताठ होते तसं पाच-सहा आकडे धरायचं आणि सोडायचं. सुजेमुळे मंदावलेली आज्ञा पुन्हा चालू करायला हीच सुरुवात बरी. मग खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून धरायचा. ते सहज जमू लागलं की घोट्याला वाळूची छोटी पिशवी. आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे उंच खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, हळू बसायचं. हळू बसणं हाच व्यायामाचा अर्धा भाग. दहाएक वेळा, थोडं थांबून पुन्हा, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस विसावा देऊन. करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर मात्र उतरायचं. पंधरवड्याने जे सोपं झालंय ते अवघड करायचं. यातलं शेवटचं वाक्य सगळे विसरतात, आणि मग सहा महिने त्याच टॉवेलवर तेवढंच दाबून "काही फरक नाही" म्हणतात. शिवाय भाकरीबरोबर डाळ, शेंगाची चटणी नुसती चवीपुरती नको, अंडं चालत असेल तर अंडं. मांडी हवेतून बनत नाही.

चालण्याबद्दल वाद होतो. पायी वारीचं पंढरपूर याच जिल्ह्यात. अक्कलकोटला पायी जाणाऱ्यांचा रस्ता कुंभारीवरूनच. रोज चालणाऱ्या बाईला वाटतं, माझं झालं. चालणं चांगलंच, त्याने दुखणंही उतरतं, दम वाढतो, वजन आटोक्यात येतं. पण सपाट रस्त्यावर मांडीला जेवढं पुरतं तेवढ्यावरच ती थांबते. खुर्चीवरून उठायला जो जोर लागतो तो चालून मिळत नाही.

एक मागणी दवाखान्यांकडे. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी 1957 साली एक्स-रेवरून संधिवाताच्या पायऱ्या ठरवल्या आणि आजही केसपेपरवर तीच ग्रेड लिहिली जाते. ती ग्रेड पुढेच सरकते. कुठलाही रुग्ण ग्रेड तीनवरून दोनवर येत नाही. म्हणजे आपण रुग्णाला दाखवायला असाच आकडा निवडलाय, जो कधी सुधारत नाही. त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहायला काय हरकत आहे? तीस सेकंदांत हात छातीशी बांधून खुर्चीवरून किती वेळा उठता आलं. घड्याळ आणि खुर्ची, एवढंच सामान. हा आकडा सुधारतो, बाईला कळतो, आणि पुढच्या वेळी ती स्वतः विचारते. एक्स-रेचे पैसे पडतात. याचे कोणाला पडत नाहीत. तो न मोजण्याचं कारणही बहुधा तेच असावं.

शस्त्रक्रियेविरुद्ध मी नाही. 2015 साली डेन्मार्कमधून आलेल्या शंभर रुग्णांच्या चाचणीत गुडघा बदललेले रुग्ण न बदलता व्यायाम केलेल्यांपेक्षा वर्षअखेर अधिक बरे होते, गंभीर त्रासही त्यांनाच जास्त झाला, आणि व्यायामगटातल्या बहुतेकांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं नाही. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा सांधा कर वगळून 54,720 रुपयांवर आला. तो निर्णय योग्यच होता. पण सरकार, विमा आणि रुग्णालय या तिघांनाही कळणारी वस्तू म्हणजे सांधा. त्याला किंमत आहे, पॅकेज आहे, बिल आहे. गंमत अशी, की तो बसवल्यावर पहिल्या महिन्यात मांडीची ताकद निम्म्याहून खाली जाते आणि पुन्हा टॉवेलच हातात घ्यावा लागतो. मांडी टाळून पलीकडे जायला वाट नाही.

मग कुंभारीत हे कोणी करायचं? विडी कामगारांसाठी 1976 च्या कायद्यांनी विडीवरच्या उपकरातून कल्याण निधी उभा राहिला, त्यातून दवाखाने चालले. 2017 साली जीएसटी आला आणि विडीवरचा तो उपकर गेला. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 पासून आहे, त्यात फिजिओथेरपी कागदावर आहे. डेन्मार्कने 2013 साली गुडघ्याच्या व्यायामाचं साधं रूप बसवलं: दोन सत्रांत समजावून सांगायचं, आणि सहा आठवड्यांत बारा वेळा एकत्र व्यायाम, जाणत्याच्या देखरेखीखाली. त्यात असं काही नाही जे एका वसाहतीच्या समाजमंदिरात होऊ शकत नाही. वैद्यकीय महाविद्यालय गावात आहे, इंटर्न आहेत, खुर्च्या मंडपवाल्याकडे आहेत. एकत्र करण्याला महत्त्व आहे, कारण एकटीने टॉवेल दाबणं चार दिवसांत सुटतं, दहाजणी जमल्या की शेजारीण हाक मारते.

अडतं ते वेळेवर, आणि इथे मी डॉक्टरांपेक्षा युनियनकडे बघतो. ज्या बाईची मजुरी हजारावर ठरते, तिचा तास फुकट नसतो. व्यायामाची चिठ्ठी देणारा तिच्याकडून न सांगता पैसे घेत असतो. व्यायामाची बारा सत्रं, येण्याजाण्यासह तासाभराचं एक, म्हणजे बारा तास. दहा तासांत हजार विड्या धरल्या तर बाराशे विड्या. म्हणजे मांडीच्या या उपचाराची खरी किंमत कुठल्याच दवाखान्याच्या दरपत्रकात नाही, ती या बाराशे विड्यांच्या मजुरीत आहे, आणि आज ती बाई एकटी भरते; भरता येत नाही म्हणून येत नाही. दहा हजार घरं मागून घेणाऱ्या संघटनेला बाराशे विड्यांची मजुरी मागणं जड नाही. ती कारखानदाराकडेच मागायला हवी. तीस-चाळीस वर्षं जिने जमिनीवर बसून माल दिला, तिच्या मांडीचे बारा तास त्याच्या खात्यावर लिहायला हवेत, आणि पुढच्या मजुरी कराराच्या वाटाघाटीत हा मुद्दा महागाई भत्त्याच्या खाली का होईना, पण यायला हवा.